सोळाव्या वर्षी ब्लड कॅन्सर: का झाला? आणि उपचार मुलांचे की मोठ्यांचे?

कृष्णाकाठ · २१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज हात थरथरतोय, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझा भाचा, भावाचा मुलगा, सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दिवाळीपासून ताप येऊन-जाऊन होता. मग पायांवर लालसर ठिपके आले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गावात डेंग्यूची साथ होती म्हणून आम्हीही डेंग्यूच समजलो. प्लेटलेट्स अठरा हजार निघाल्या आणि पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा मगज, तपासायला काढली. काल रिपोर्ट आला: अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी-सेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली माझ्या वहिनीसाठी. भेटायला आलेल्या एका थोरल्या बाईंनी पोराच्या खाटेशेजारी उभं राहून तिला विचारलं, "पोटुशी असताना ग्रहण पाळलं होतंस का?" २२ जुलै २००९ चं ग्रहण. वहिनीला तेव्हा सहावा महिना होता आणि त्या दिवशी तिनं भेंडी चिरली होती. सोळा वर्षांनी ती भेंडी आठवून ती रात्ररात्र रडते आहे. तिला सांगायला माझ्याकडे काही खरं, ठोस हवं आहे. हा रोग मुलांना का होतो, यावर संशोधन काय म्हणतं?

दुसरी तातडीची. इथल्या बालविभागात चौदा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतात, म्हणून तो मोठ्यांच्या वॉर्डात आहे. सोमवारी केमो सुरू करणार आहेत. एक ओळखीचे म्हणाले, सोळाच्या मुलाला मुलांसारखे उपचार द्यावे लागतात, मुंबईला हलवा. दादा म्हणतो, औषधं तीच असतील तर या अवस्थेत कशाला हलवायचं? खरंच फरक पडतो का?

शेवगा · २१ नोव्हेंबर, रात्री ११:१९

ताई, धीर धरा. मला यातलं कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. इथे जाणकार आहेत, येतीलच.

परळवाली · २१ नोव्हेंबर, रात्री ११:५२

कृष्णाकाठ ताई, लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी एकोणीस वर्षं नर्स आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

फरक पडतो. पण तो वॉर्डाचा नाही, प्रोटोकॉलचा, म्हणजे कुठलं औषध किती आणि कधी द्यायचं याच्या ठरलेल्या आराखड्याचा. औषधांची नावं बरीचशी तीच: व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्परॅजिनेज, डॉनोरुबिसिन. माप आणि वेळापत्रक मात्र वेगळं. मुलांच्या पद्धतीत पहिली तीन औषधं भरपूर आणि पुन्हा पुन्हा देतात, पाठीच्या मणक्यातलं इंजेक्शन लवकर सुरू करतात आणि तारखा सहसा पुढे ढकलू देत नाहीत. मोठ्यांच्या जुन्या पद्धतींमध्ये मॅरो दडपणाऱ्या औषधांवर जास्त भर असतो. सोळा वर्षांचं शरीर मुलांची पद्धत चांगली पेलतं.

उद्या सकाळी डॉक्टरांना सरळ विचारा, "याला मुलांच्या धर्तीवरचा प्रोटोकॉल देणार का?" हो म्हणाले तर वॉर्ड कुठलाही असू दे. नाही म्हणाले तर रिपोर्टच्या प्रती, बोन मॅरोच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) मागून घ्या आणि निघा. स्थिर असेल तर एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. महिनाभर रेंगाळलात तर बिघडतं.

आणखी एक, जे नातेवाइकांसमोर कुणी बोलत नाही. केमो सुरू होण्याआधी वीर्य साठवून ठेवता येईल का, हे विचारा. सोळाव्या वर्षी तो विषय मुलालाही नको वाटतो आणि आईबापांनाही. दादांनी त्याच्याशी एकट्यानं बोलावं. कधी घाईमुळे जमत नाही, ते ठीक आहे. पण विचारायचं राहून गेलं असं होऊ नये.

बॉस्टनचा_बंड्या · २२ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

परळवाली ताईंना पूर्ण अनुमोदन. त्यांच्या म्हणण्यामागचे आकडे देतो, दादांना दाखवा.

अमेरिकेत १६ ते २० वयाचे रुग्ण योगायोगानं कधी मुलांच्या डॉक्टरांकडे जात, कधी मोठ्यांच्या. त्यामुळे रोग तोच, वय तेच आणि उपचार दोन तऱ्हांचे, अशी तुलना आपोआप तयार झाली होती. २००८ मध्ये ३२१ जणांची अशी तुलना छापून आली. सात वर्षांनंतर, रोग न उलटता जगत असलेले मुलांच्या प्रोटोकॉलमध्ये ६३ टक्के होते आणि मोठ्यांच्या प्रोटोकॉलमध्ये ३४ टक्के. फ्रान्समध्ये २००३ मध्येच असंच दिसलं होतं. त्यानंतर मोठ्यांच्या डॉक्टरांनीच मुलांचा प्रोटोकॉल उचलला आणि ३९ वर्षांपर्यंतच्या रुग्णांना देऊन पाहिला. तीन वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात होते.

१५ ते ३९ हा वयोगट संशोधनात फार काळ दुर्लक्षित राहिला. मुलांच्या चाचण्यांत तो बसेना आणि मोठ्यांच्या चाचण्यांत पन्नाशी-साठीचे रुग्ण जास्त. तुमचा भाचा नेमका त्या फटीत उभा आहे. त्याला त्या फटीतून बाहेर काढा.

रानमेवा · २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

केमोनं शरीर पोखरतं. आमच्याकडे एकानं सदाफुलीच्या पानांचा रस घेतला, बरा झाला. सदाफुलीत कॅन्सरचं औषध असतं हे डॉक्टरही मान्य करतात. घरच्या अंगणात आहे, पैसे लागत नाहीत.

परळवाली · २२ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

रानमेवा, हात जोडून सांगते, हे करू नका. वर ज्या व्हिन्क्रिस्टिनचं नाव लिहिलं, ते सदाफुलीतूनच येतं. टनावारी पानांमधून काही ग्रॅम निघतं, इतकं कमी. त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि तो फक्त शिरेतून द्यायचा असतो. रस प्यायल्यावर त्यात किती औषध आणि किती दुसरी विषारी द्रव्यं गेली, कुणाला कळणार? असा रस पिऊन, केमो अर्धी सोडून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. येताना काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पार खाली गेलेले असतात.

वैद्य_माणगाव · २२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मी स्वतः आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि परळवाली ताईंच्या बाजूनं बोलतोय. सदाफुलीचा इतिहास बघा. लोक ती मधुमेहावर वापरत. कॅनडात नोबल आणि बिअर या दोघांनी पन्नासच्या दशकात तिचा अर्क साखर कमी करतो का ते उंदरांवर पाहिलं. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून पानं फेकून दिली असती. त्यांनी विचारलं, मग ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशीच जास्त आहेत त्यांचं काय?

सोमलाचंही, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचंही, तसंच. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात सोमल ब्लड कॅन्सरवर वापरून पाहिला. तो शुद्ध करून, मात्रा ठरवून, रुग्ण मोजून नोंदी ठेवल्या. आज प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाच्या, बरेचदा तरुणांना होणाऱ्या प्रकारात सोमल आणि 'अ' जीवनसत्त्वातून आलेलं औषध जोडीनं देतात. दहातले नऊ बरे होतात, तेही नेहमीच्या केमोशिवाय. परंपरेतलं औषध नाकारायचं नाही, पण ते आधी मोजावं लागतं. मुलाच्या जिवावर घरच्या घरी मोजमाप होत नाही.

पेन्शनर_आजोबा · २२ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

पोराला माझे आशीर्वाद. पण मुळात हे वाढलंय कशानं? आमच्या वेळी लहान मुलांना कॅन्सर झाल्याचं ऐकिवात नव्हतं. आता मोबाइलचे टॉवर, भाजीवर फवारे, हायब्रिड दूध. संशोधक हे का शोधत नाहीत?

चिंचबन · २२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

आजोबा, शोधतात, फार पूर्वीपासून. मी पेशीजीवशास्त्रात काम करते, म्हणून कृष्णाकाठ यांच्या पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

ऐकिवात नव्हतं याचं एक कारण असं की तेव्हा ही मुलं 'ताप उतरलाच नाही', 'पांढरी पडली, गेली' अशीच जात. निदानच होत नसे.

आता कारणं. पन्नासच्या दशकात ऑक्सफर्डला अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टर होत्या. लहान मुलांमधला ल्युकेमिया तेव्हा वाढताना दिसत होता. त्यांनी ठरवलं की मुलांच्या आयांना विचारायचं. कॅन्सरनं मूल गेलेल्या आया आणि त्याच भागातल्या निरोगी मुलांच्या आया, दोघींना प्रश्न तेच: गरोदरपणी काय खाल्लं, काय आजार झाले, कुठली औषधं घेतली, सगळं. अनेकांना वाटलं होतं, आयांच्या आठवणींवर काय विज्ञान उभं राहणार? पण उत्तरांमध्ये एक गोष्ट वर आली: पोटाचा एक्स-रे. तेव्हा बाळ कसं आहे ते बघायला गरोदरपणी सर्रास एक्स-रे काढत. ज्या आयांचा काढला होता त्यांच्या मुलांना धोका साधारण दुप्पट होता. १९५६ मध्ये पहिली बातमी छापली, १९५८ मध्ये सविस्तर. ही गोष्ट मान्य व्हायला वर्षानुवर्षं लागली. आज गरोदर बाईचा एक्स-रे सहसा टाळून सोनोग्राफी करतात, त्याच्या मागे त्या आयांची उत्तरं आहेत.

वहिनींना सांगा: गरोदरपणात काय घडलं हे विज्ञानानं खरोखर विचारलेलं आहे, नीट, हजारो बायकांना विचारलेलं आहे. उत्तर म्हणून हाती आला तो एक्स-रे, आणि त्यातही दोष डॉक्टरी प्रथेचा होता, आईचा नाही. ग्रहणात भाजी चिरल्यानं पेशीत काहीही होत नाही.

चिंचबन · २२ नोव्हेंबर, दुपारी १:३५

पुढचं वेगळ्या प्रतिसादात, लांबलं म्हणून.

परदेशात बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर टिपतात आणि ते कागद जपून ठेवतात. लंडनचे मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ल्युकेमिया झालेल्या मुलांचे ते जन्मवेळचे कागद काढून तपासले. वाळलेल्या थेंबात रोगाचा पहिला जनुकीय बदल आधीच हजर होता. म्हणजे सुरुवात पोटातच, पेशी भराभर वाढताना झालेल्या चुकीनं. पण अशी चूक साधारण शंभरात एका बाळात सापडते आणि त्यातल्या फारच थोड्यांना रोग होतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण या नेहमीच्या प्रकारात दहा-पंधरा टक्केच. पुढे आणखी एक धक्का लागतो.

तो धक्का कुठला? ग्रीव्ह्ज यांचं २०१८ मधलं म्हणणं असं की पहिल्या वर्षात साध्यासुध्या जंतूंशी गाठ पडली नाही, तर रोगप्रतिकारशक्ती कच्ची राहते आणि मागाहून एखाद्या साध्या संसर्गाला ती भलतीच चिडून प्रतिक्रिया देते. ज्यांच्यात पहिला बदल आहे त्यांच्यात तेव्हा दुसरा घडतो. स्तनपान आणि लहानपणीच पाळणाघरातली संगत यांनी धोका थोडा कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्यांनी मोबाइल टॉवर, विजेच्या तारा वगैरेंचे पुरावेही तपासले आणि ते फार कच्चे ठरवले. हे सगळं मुख्यतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या प्रकाराबद्दल आहे. सोळाव्या वर्षीच्या रोगात जनुकीय बदल बरेचदा वेगळे असतात, म्हणून भाच्याला हे जसंच्या तसं लावू नका.

शेवगा · २२ नोव्हेंबर, दुपारी २:००

म्हणजे माझा दीड वर्षांचा मुलगा कुंडीतली माती खातो तेव्हा आमची आजी "खाऊ दे, धडधाकट होईल" म्हणते, ती थेट लंडनच्या शास्त्रज्ञांच्या पंगतीला? तिला वाचून दाखवतो, फार खूश होईल.

चिंचबन · २२ नोव्हेंबर, दुपारी २:१२

आजींना नमस्कार सांगा. पण माती खाऊ घालू नका हो, जंत होतील. चार पोरांत खेळू दे, तेवढं बास.

खर्राबंदी · २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

अवांतर होईल, पण आजोबांच्या प्रश्नाला धरूनच आहे. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे या, तरुणांना कॅन्सर कशानं होतो ते टपरीवर दिसतं. खर्रा. तिकडे तुमच्या सांगली-कोल्हापूरकडे मावा. नववी-दहावीची पोरं खिशात पुडी घेऊन फिरतात. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं दिला त्याला वीस वर्षांहून जास्त झाली. राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे, पण खर्रा हातानं घोटून मिळतोच. मी शिक्षक आहे. पंचविशीतला माझा एक माजी विद्यार्थी तोंड दोन बोटंसुद्धा उघडू शकत नाही. भाकरी कालवून, पातळ करून गिळतो. इथे कारण माहीत आहे आणि तरी थांबवता येत नाही, याचा मला फार राग येतो.

बॉस्टनचा_बंड्या · २२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

खर्राबंदी सर, तुमचा राग योग्य आहे.

आजोबा, 'वाढलंय' हे एका बाबतीत अगदी खरं आहे: पन्नाशीच्या आतला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. इथे अमेरिकेत तो इतका वाढला की तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं. २०२५ मध्ये अकरा देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास छापून आला. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. त्या विषाचे ओरखडे चाळिशीच्या आतल्या रुग्णांच्या डीएनएवर सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा सापडले. ते उमटलेले असतात बहुधा पहिल्या दहा वर्षांत. रोग चाळिशीत, बीज बालपणात. हेच एकमेव कारण, असं अजून कुणी म्हणत नाही, पण धागा हाती लागला आहे. त्यामुळे शौचातून रक्त गेलं तर तरुण आहे म्हणून 'मूळव्याध असेल' असं घरीच ठरवू नका, तपासून घ्या.

कापूसवेचणी · २३ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मी नंदुरबारकडचा. माझ्या मुलीला हाच रोग सहाव्या वर्षी झाला. आज ती बारावीत आहे. म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

कारणं शोधा, चांगलंच आहे. पण मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सात महिने काढले आणि तिथून परळला ये-जा केली. तिथे मी पाहिलं की मुलं औषध नाही म्हणून जात नाहीत, उपचार अर्धे सोडले म्हणून जातात. पहिल्या महिन्यात पोरगं टवटवीत होतं, आईबापांना वाटतं बरं झालं. इकडे कापूस वेचायला आलेला असतो, घरी दुसरी दोन पोरं शेजाऱ्यांकडे. निघतात. सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा रोग दुप्पट जोरानं आलेला. आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब असंच गेलं. त्यांचा मुलगा माझ्या मुलीबरोबर पत्ते खेळायचा.

माझ्या हातात पैसा असता तर मी आधी खोल्या बांधल्या असत्या, एसटीचं भाडं दिलं असतं, घरी फोन करून "औषध घेतलं का" विचारणारा माणूस ठेवला असता. हेही संशोधनच धरा.

परळवाली · २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

दादा, एक शब्द कडू नाही. आता मुलांसाठी राहायच्या सोयी वाढल्या आहेत. सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं २००६ पासून आहेत, तिथे कुटुंबाला खोली, शिधा, स्वैपाकाची जागा, मुलांना शाळा मिळते. महात्मा फुले योजनेत केमो बसते. आमच्याकडे समाजसेवक तारीख चुकली की त्याच दिवशी फोन करतात. सुटणारी मुलं कमी झाली, संपली नाहीत.

आणि १९८४ साली मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या अड्यारच्या संस्थेनं मिळून एकच प्रोटोकॉल धरला, एमसीपी ८४१. तोवर आपल्याकडे या रोगातून पाचात एखादं मूल वाचायचं. त्या एका शिस्तीनं निम्म्याच्या आसपास वाचू लागली. नवं औषध नव्हतं, आहे तेच सगळ्यांनी ठरवून, सारखं दिलं.

चिंचबन · २३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

कापूसवेचणी दादा, तुमची मुलगी बारावीत आहे हे वाचून फार बरं वाटलं. पण 'आधी हे, मग कारणं' याच्याशी मी सहमत नाही. धाराशिवचं उदाहरण घ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण एचपीव्ही विषाणू, हे कळलं म्हणून त्याची चाचणी निघाली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं १,३१,००० हून जास्त बायकांवर तपासणीचा मोठा प्रयोग केला. ज्या गटात ती चाचणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो निकाल छापून आला. कारण सापडलं नसतं तर त्या बायकांसाठीही खोल्याच बांधाव्या लागल्या असत्या.

कापूसवेचणी · २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मानलं ताई. दोन्ही पाहिजे. पण खोली आज पाहिजे.

कृष्णाकाठ · २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. शनिवारी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते प्रामाणिक निघाले, म्हणाले, "वर्षाला असा एखादाच मुलगा येतो. मी तुमच्या जागी असतो तर मुंबईलाच नेलं असतं." त्यांनीच चिठ्ठी दिली. रविवारी रात्रीच्या गाडीनं निघालो, आज सकाळी परळला फाईल काढली. वॉर्ड मोठ्यांचाच मिळणार, पण प्रोटोकॉल मुलांच्या धर्तीचा. दादानं दाखवायला फोनमध्ये बंड्याचे आकडे ठेवले होते, काढायची वेळच आली नाही. ते दुसरं कामही दादानं त्याच्याशी बोलून आजच उरकलं.

एक शंका. भावाचे मित्र म्हणतात आयआयटीची नवी थेरपी आली आहे, चाळीस लाखांची, थेट तीच द्यायची.

बॉस्टनचा_बंड्या · २५ नोव्हेंबर, पहाटे ५:०५

ती कार-टी. पेशंटच्याच टी-पेशी काढून, त्यांना रोग ओळखायला शिकवून परत देतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला दिली, मुलांमध्ये पहिल्यांदाच, आणि ती बरी झाली. पुढे तिकडे ती कोटींच्या घरात गेली. आयआयटी मुंबई आणि टाटानं आपली बनवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत परदेशाच्या साधारण दहावा भाग. मोठं काम आहे. पण ती रोग उलटला किंवा केमोला दाद देईना तेव्हासाठी आहे. पहिल्या फेरीत नेहमीच्या औषधांवर भरवसा ठेवा. ती गरज पडू नये हीच इच्छा.

दगडफूल · २५ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मी वाचत होते, लिहू की नको करत होते. नवव्या वर्षी मला हाच रोग झाला, आता एकतीस. लाल रंगाच्या सलाईनला आम्ही मुलं कोकम सरबत म्हणायचो. दुसऱ्या दिवशी लघवीही लाल व्हायची, मग कुणाची जास्त लाल यावर पैज लागायची. हे भाच्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल.

त्याच लाल औषधाचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो म्हणून मी ठरल्या वेळी इको करते. माझे उपचार झाले तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं, विशीनंतर मीच वाचून शोधलं. तेव्हा औषधांच्या एकूण मात्रेचा कागद आत्तापासून जपून ठेवा. लग्न ठरवताना मी सगळं सांगितलं. दोन स्थळं परत गेली, तिसरा थांबला. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे.

गिरणगाव · २६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कृष्णाकाठ ताई, तुम्ही आज परळला आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. माझी आजी लालबागला, गिरणीत होती.

हॉस्पिटलपासून थोड्याच अंतरावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. १९२८ मध्ये तिथे लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर आल्या. मुंबईतल्या गरीब बायका, त्यातही गिरणीकामगार, गरोदरपणात रक्त आटून मरत. विल्सबाईंनी त्यांचं जेवण तपासलं, रक्त तपासलं, आणि शोधलं की यीस्टच्या अर्कात असं काही आहे ज्यानं त्या बऱ्या होतात. १९३१ मध्ये ते छापलं. ते 'काहीतरी' म्हणजेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड.

आता पुढचा भाग. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिलं तर रोग उलट भडकल्यासारखा दिसला. मग ते म्हणाले, फॉलिक अ‍ॅसिडनं रोग पोसला जात असेल तर त्याला अडवणारं औषध द्यायचं. ते औषध तयार करून दिलं अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत संशोधन चालवणाऱ्या आपल्या भीमवरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं. १९४८ मध्ये फार्बरनी सोळा मुलांची नोंद छापली, त्यातल्या दहांचा रोग काही काळ मागे हटला होता. त्याआधी या रोगात औषधानं असं घडलंच नव्हतं. त्याचं भावंड मेथोट्रेक्झेट. तेच तुमच्या भाच्याच्या मणक्यातल्या इंजेक्शनात असणार, आणि पुढे दोन वर्षं आठवड्यातून एकदा गोळी म्हणून.

तुमच्या वहिनींना गरोदरपणावरून बोल लावणाऱ्या बाईंना हे सांगा. गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्तातून सुरू झालेली वाट आहे ही. पोरांना मारणारी नाही, वाचवणारी.

पेन्शनर_आजोबा · २७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गिरणगाव, चाळीस वर्षं मी हाफकिनच्या दारावरून बसनं गेलो. डोळ्यांत पाणी आणलंत.

कृष्णाकाठ · ३ जानेवारी, रात्री ८:३०

उशिरा लिहितेय. पहिला टप्पा झाला. मधे दहा दिवस फार वाईट गेले: ताप, काउंट शून्याला टेकलेले, तोंडात फोड, चौदा पिशव्या प्लेटलेट्स. स्टेरॉइडची भूक मात्र अशी की रात्री दोनला उठून "आत्या, पिठलं-भात" म्हणायचा. मी खोलीत रात्री दोनला बेसन कालवलं आहे, एकदा नाही, पाच वेळा.

मॅरो पुन्हा तपासली. उरलेल्या रोगाचा रिपोर्ट काल आला. दहा हजार पेशींत कॅन्सरची एकसुद्धा सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, "ही पहिली पायरी आहे, अडीच वर्षं चालायचं आहे, एक तारीख चुकवू नका." कापूसवेचणी दादांचा प्रतिसाद मी दादाला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं शेत अर्धलीनं दिलं.

वहिनीबद्दल. गिरणगाव यांची गोष्ट मी तिला रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर वाचून दाखवली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मणक्यातलं इंजेक्शन होतं. आत नेताना तिनं सिस्टरला विचारलं, "यातलंच का ते हाफकिनवालं?" सिस्टरला कळलं नाही. मग वहिनीनंच तिला सगळं सांगितलं, विल्सबाईंपासून. भेंडी तिनं अजून घरात येऊ दिलेली नाही. मी आग्रह करत नाही.

परळवाली · ३ जानेवारी, रात्री ९:०५

ती सिस्टर माझी मैत्रीण आहे, तिनं ही गोष्ट अख्ख्या ड्यूटी रूमला सांगितली. ताई, आता काउंट वर आलेत ना? मंगळवारी माझी सुट्टी आहे. घरून गरम गरम वाफवलेल्या अळूवड्या आणते, तळलेल्या नाहीत. डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि त्याला किती लागतील तेही.

कृष्णाकाठ · ३ जानेवारी, रात्री ९:११

विचारते. तो पलीकडून "वीस" म्हणतोय.